पातें लोहाराचें, मूठ ज्याची त्याची

मिटतो तो चाकू आणि जिचें पातें मुठींत कायमचें पक्कें बसविलेलें असतें ती सुरी, असा भेद धरून आज मी सुरीविषयीं बोलणार आहें. तीहि स्वयंपाकघरांतील नव्हे. रानांत, शेतांत आणि होडींत कमरेला लटकवून न्यावयाची. अशा सुऱ्या पुष्कळ देशांत आहेत. परंतु फिनलंड आणि स्वीडन ह्या उत्तरेकडील दोन देशांत तिचा इतिहास शाळेच्या इतिहासास जाऊन मिळाला, म्हणून त्यांचीच निवड केली आहे.

फिनलंडमधील सुरीला ‘पूक्को’ म्हणतात. ‘पू’ म्हणजे लाकूड. तिचें पातें बहुधा तळहाताच्या रुंदीएवढें, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटरांचें असतें. एवढेंसें पातें पाहून आपणांस नवल वाटेल. पण मासा साफ करणें, चमचा कोरणें, दोर कापणें आणि विस्तव पेटविण्यासाठीं ढलप्या काढणें, ह्या कामांत लांब पात्याची अडचणच होते.

पातें लोहार घडवी. कारण भट्टी, ऐरण आणि पोलादाला पाणी देण्याचें ज्ञान घरोघर नसतें. मूठ व म्यान मात्र पुष्कळदां सुरीचा धनीच हिवाळ्याच्या लांबलचक रात्रीं घरीं बसून करी. मुठीसाठीं लाकूड भूर्जाचें. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या हिमालयांतील भूर्जवृक्षाचाच हा भाऊबंद. पात्याच्या मागें लोहारानें एक निमुळतें शेपूट ठेवलेलें असे. मुठीच्या ठोकळ्यास आरपार छिद्र पाडून, शेपूट तापवून तें आंत दाबीत. आपल्या मापाची जागा तें स्वतःच जाळून घेई. ती उष्णता पात्यापर्यंत पोंचून त्याचें पाणी उतरूं नये, म्हणून पात्याला ओलें फडकें गुंडाळीत. शेपटाचें टोंक मुठीबाहेर काढून धातूच्या चकतीवर ठोकून पसरविलें कीं मूठ पक्की होई. कांहीं जण लाकडाऐवजीं भूर्जाच्या सालीच्या चकत्या एकावर एक ओंवून व घट्ट दाबून मूठ बनवीत. अशी मूठ ओल्या हातांतून निसटत नाहीं, आणि कडाक्याच्या थंडींत धातूप्रमाणें हाताला चटका देत नाहीं. मग ती हातांत धरून पाहावयाची, आणि जेथें टोंचेल तेथें तासावयाची. अखेरचें माप फूटपट्टी देत नसे, तळहात देई.

म्यानाची कृति ह्याहूनहि नाजूक. पूक्कोला तरवारीसारखा आडवा परज नसल्यामुळें पात्याबरोबर अर्धीअधिक मूठहि म्यानांत उतरते. त्यासाठीं चामडें झाडाच्या सालीच्या कषायांत कमावलेलें असावें लागतें. क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेलें चामडें दिलेला आकार नीट धरीत नाहीं. तें पाण्यांत भिजवून मऊ करावयाचें आणि तेलाचा हात दिलेल्या सुरीभोवतीं ओलेंच लपेटावयाचें. मागील बाजूस आरीनें छिद्रें पाडून एकाच दोऱ्याच्या दोन टोंकांस दोन सुया ओंवावयाच्या, आणि प्रत्येक छिद्रांतून दोहोंकडून टांका घ्यावयाचा. एखादा टांका तुटला तरी शिवण उसवत नाहीं. पात्याचें टोंक चामड्यांतून बाहेर येऊं नये म्हणून आंत पातळ लाकडी अस्तर घालतात. म्यान सावलींत सावकाश वाळवावें लागतें. विस्तवाजवळ ठेवून घाई केली तर चामडें आखडतें व ठिसूळ होतें. नीट वाळलेलें म्यान मुठीला असें आवळून धरतें कीं निराळ्या बंदाची गरज राहात नाहीं.

ही सुरी नेहमींच सात्त्विक हातांत राहिली, असें मात्र नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारें १८८० पर्यंत फिनलंडच्या दक्षिण ऑस्ट्रोबॉथ्निया प्रांतांत सुरीबाज तरुणांनीं मोठी दहशत बसविली होती. लग्नाच्या मांडवांतहि रक्त सांडे. अशा देशांत मुलांच्या हातीं हत्यारें द्यावींत कीं त्यांपासून मुलांना दूर ठेवावें, हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता.

त्याच काळांत उनो सिग्नेउस (१८१०–१८८८) हा धर्मोपदेशक शिक्षणाच्या कार्यांत पडला. पेस्तालोत्सी व फ्रबेल ह्यांच्या विचारांचा त्यानें अभ्यास केला होता. १८६३ सालीं युवास्क्युला येथें त्याच्या नेतृत्वाखालीं शिक्षकांचें विद्यालय निघालें, आणि १८६६ च्या शाळा-कायद्यानें ग्रामीण शाळांतील मुलग्यांना हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. मुलांना सुतार बनविणें हा त्याचा हेतु नव्हता. हात, डोळा आणि बुद्धि ह्यांना एकत्र वळण लागावें, ही त्याची दृष्टि होती.

स्वीडनमध्यें ओट्टो सालोमन (१८४९–१९०७) ह्यानें ह्या विचाराला रेखीव पद्धतीचें रूप दिलें. गोथेनबर्गजवळील नेस येथें त्याचा धनाढ्य आप्त आउगुस्ट आब्राहमसन ह्याच्या आश्रयानें १८७२ मध्यें मुलांची हस्तव्यवसाय-शाळा निघाली, आणि पुढें शिक्षकांचे वर्ग सुरू झाले. १८७७ मध्यें सालोमननें सिग्नेउसची भेट घेतली. नेस येथील पद्धत ‘स्लॉइड’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि ती शिकण्यासाठीं देशोदेशींचे शिक्षक तेथें जाऊं लागले. ह्या पद्धतींत मुलाच्या हातीं पहिलें हत्यार येई तें सुरी. करवत, रंधा व कानस मागाहून. पहिला धडा म्हणजे सुरीनें तासून एक साधी दर्शक काडी करणें. सुरी खरोखरीच कापणारी, पूर्ण आकाराची असे. कारण बोथट खेळण्यानें काळजी घेण्याची संवय लागत नाहीं. वस्तूपेक्षां ती करणाऱ्याची घडण महत्त्वाची, हें सालोमनचें मुख्य सूत्र होतें.

पुढें कारखान्यांचें युग आलें. अमेरिकेंत लांकूडतोड्याचें काम करून परतलेल्या फ्रॉस्ट-एरिक एरसन ह्यानें १८९१ मध्यें स्वीडनच्या मोरा गांवापाशीं ओस्टनोर येथें कारखाना काढला. मोऱ्याची लांकडी मुठीची स्वस्त सुरी पुढें जगभर गेली. आतां मूठ, म्यान, सर्व तयारच मिळूं लागलें. तेव्हां घरगुती कारागिरी संपली असें वाटेल. पण ही स्वस्त सुरीच हौशी लोकांचा कच्चा माल झाली. कोणी मूठ कानशीनें तासून आपल्या बोटांजोगी करतो, कोणी ती काढून भूर्जसालीची नवी बसवितो, कोणी प्लॅस्टिकचें म्यान टाकून चामड्याचें शिवतो, तर कोणी पात्याची पाठ कानशीनें चौकोनी व कडक धारेची करतो, म्हणजे तिनें ठिणगीची कांडी घांसून विस्तव पेटवितां येतो.

ह्या कामांत दोन गोष्टी जपाव्या लागतात. फिरत्या चाकावर पातें घांसतांना तें वरचेवर पाण्यांत बुडवावें. कडेवर निळी झांक दिसली कीं तेथील कठिणपणा गेला असें समजावें. मुठीला जवसाचें तेल चोळल्यावर तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकूं नये. त्या आपोआप तापून पेट घेतात. म्हणून त्या उघड्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्यात.

हाताच्या कामांतून शिक्षण द्यावें, हा विचार आपणांस परका नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या शिक्षण-परिषदेनें हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानीं आणलें. तेथें टकळी होती, उत्तरेंत सुरी. शहरांतील आपल्या घरांत मात्र विळीचा पाट हलूं लागला कीं आपण नवी विळी आणावयास निघतों. पोलादाला पाणी देणें लोहाराचें काम खरेंच. पण खिळखिळी झालेली मूठ काढून ती पुन्हां आपल्या हाताजोगी बसविणें हें घरांतल्या कोणालाहि जमण्यासारखें आहे. एकदां तें केलें म्हणजे त्या हत्याराची धार आणि त्याचा धोका, दोन्ही हाताला नीट कळूं लागतात. आणि सालोमननें मुलाच्या हातीं पहिली सुरी दिली, ती ह्याच समजुतीसाठीं.