माप, वजन आणि घनता : जुन्नर-आंबेगाव परिसरातील धान्यमोजणीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील पठारापर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेकडील अतिपावसाच्या पट्ट्यात भात, नाचणी व वरई, तर पूर्वेकडे बाजरी, ज्वारी व गहू ही पिके घेतली जातात. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गामुळे जुन्नर ही प्राचीन बाजारपेठ होती. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. अशा प्रदेशात धान्य कसे मोजले जाई आणि दशमान पद्धती आल्यावर नेमके काय बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक मापे

धान्याची मोजणी प्रामुख्याने आकारमानाने होई. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी दुपटीने वाढणारी ही मापे होती. चार शेरांची पायली व वीस मणांची खंडी होत असे. मण मात्र कोठे बारा पायल्यांचा, तर कोठे सोळा पायल्यांचा असे. वजनाची मोजणीही याच नावांनी होई. ८० तोळ्यांचा पक्का शेर आणि ४० शेरांचा मण, म्हणजे सुमारे ८२.२९ पौंड किंवा ३७.३२ किलोग्रॅम. शेर व मण ही नावे मापालाही होती आणि वजनालाही. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

माप शिगेने भरावे की सपाट, हा प्रश्नही महत्त्वाचा होता. मापाचे तोंड जितके रुंद, तितकी शीग मोठी. पावसाळ्यात खावटी म्हणून उचललेले धान्य सुगीनंतर वाढीसह फेडताना माप कोणाचे आणि ते कोणी भरावयाचे, यावर गरीब कुटुंबाचे पुढील वर्ष अवलंबून असे.

घनतेचा दुवा

माप आणि वजन यांना जोडणारी राशी म्हणजे घनता. धान्याच्या बाबतीत दाण्यांमधील पोकळीही आकारमानात धरावी लागते. ब्रिटिश पद्धतीत ही घनता पौंड प्रति घनफूट अशी, तर दशमान पद्धतीत किलोग्रॅम प्रति घनमीटर अशी मांडतात. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलोग्रॅम व एक घनफूट म्हणजे ०.०२८३१७ घनमीटर. पहिल्या संख्येला दुसरीने भागल्यास १६.०१८ हा गुणक मिळतो. अंश व छेद या दोहोंचे रूपांतर आवश्यक असते. केवळ पौंडांचे किलोग्रॅम केल्यास उत्तर चुकते.

गव्हाची घनता साधारणपणे ४८ पौंड प्रति घनफूट धरल्यास ती सुमारे ७६९ किलोग्रॅम प्रति घनमीटर होते. सालीसह भाताची ३६ पौंड धरल्यास ती सुमारे ५७७ होते. म्हणजे चार लिटरच्या एकाच भांड्यात गहू ३.०८ किलो, तर भात केवळ २.३१ किलो मावतो. ओलावा, वाण व भरण्याची रीत यांनुसार हे आकडेही बदलतात. म्हणून ‘एक पायली म्हणजे किती किलो?’ या प्रश्नाला धान्याचे नाव सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

कायदे व स्थित्यंतर

मुंबई प्रांतात १९३२ च्या वजने व मापे कायद्याने शेर व पायली यांना प्रमाणित रूप देण्याचा प्रयत्न झाला. स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ च्या केंद्रीय कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेराचे किलोग्रॅममधील रूपांतर कोष्टकाने होऊ शकत होते. पायलीकडून तराजूकडे जाणे मात्र एका राशीकडून दुसऱ्या राशीकडे जाणे होते. त्यासाठी एकच कोष्टक पुरेसे नव्हते. तराजूमुळे शिगेचा वाद मिटला, परंतु ओलाव्याचा प्रश्न पुढे आला. ओले धान्य तराजूवर अधिक भरते.

निष्कर्ष

जुनी मापे अशास्त्रीय होती, असे सरसकट म्हणता येत नाही. एकाच धान्याच्या देवघेवीत, माप व भरण्याची रीत तीच राहिल्यास, पायली पुरेशी न्याय्य होती. अन्याय होई तो भांडे, शीग किंवा धान्य बदलल्यावर. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यवहार आजही क्रेटवर होतो आणि क्रेट वीस किलोचा धरला जातो. तेथेही आकारमान व वजन यांच्यामध्ये घनता गृहीत धरलेली असते. ऐतिहासिक कागदपत्रांतील खंडी व मण यांचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करण्यापूर्वी नोंद मापाची आहे की वजनाची, धान्य कोणते आणि मण किती पायल्यांचा, हे अभ्यासकाने तपासणे अगत्याचे आहे. अन्यथा उत्पन्न, सारा व कर्ज यांविषयीचे निष्कर्ष मुळातच चुकण्याची शक्यता राहते.