मिसाबंदी: आपल्या घरातला शब्द आणि त्यामागचा कायदा

मंडळी, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, जबलपूर या बाजूच्या मराठी घरांत एक शब्द अजूनही मानाने उच्चारला जातो, तो म्हणजे ‘मिसाबंदी’. “आमचे काका मिसाबंदी होते,” असं सांगताना आवाज थोडा चढतोच. कोणी संघाचे, कोणी समाजवादी, कोणी सर्वोदयी. मध्य प्रदेश सरकारने २००८ पासून त्यांना मानधनही सुरू केलं. पण ‘मिसा’ म्हणजे नक्की काय, हे नव्या पिढीला सोडा, आपल्यालाही धड सांगता येत नाही. बहुतेकांची समजूत अशी की आणीबाणी आली आणि तिच्याबरोबर हा कायदा आला. तसं नाहीये.

मिसा म्हणजे मेंटेनन्स ऑफ इंटर्नल सिक्युरिटी ॲक्ट. तो झाला १९७१ साली. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येत होते, पाकिस्तानशी युद्धाची चिन्हं होती. देश संकटात आहे, तर सरकारच्या हाती ताकद हवी, हे लोकांना पटलं. पुढे १९७४ मध्ये तो स्मगलरांवर लावला, तेव्हाही आपल्यातल्या पुष्कळांना बरंच वाटलं. रेल्वे संपवाल्यांनाही त्याखाली धरलं. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, तेव्हा हे हत्यार चार वर्षांचं होतं. फक्त ते आता आपल्या गल्लीत आलं.

या कायद्याचं मूळ आणखी जुनं आहे. माणसाने गुन्हा केला म्हणून नव्हे, तर पुढे काही करील या संशयावरून त्याला कोंडून ठेवायचं, याला म्हणतात प्रतिबंधक स्थानबद्धता. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्याच्या सरदार नातू बंधूंना इंग्रजांनी असंच उचललं होतं. आधार होता १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशनचा. आरोप नाही, खटला नाही. देशभर त्यावर ओरड झाली. मग इंग्रज गेले, राज्यघटना आली, आणि १९५० मध्येच आपल्या संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. एका वर्षापुरता म्हणून केला होता बरं का! मुदतवाढ घेत घेत तो १९६९ च्या अखेरपर्यंत चालला.

आता १९७५ मध्ये नेमकं काय झालं ते पाहू. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या कलम १४, २१ आणि २२ मधल्या हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट बंद झाली. २९ जूनच्या अध्यादेशाने मिसामध्ये १६-अ हे कलम घातलं गेलं. तोवर अटकेची कारणं माणसाला सांगावी लागत, प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यावं लागे. आता आणीबाणीच्या नावाने धरलं असेल, तर कारण सांगायची गरज नाही, मंडळही नाही. म्हणून आपल्याकडच्या किती घरांना वर्ष-दीड वर्ष हेच कळलं नाही, की माणूस का नेला आणि कधी सुटणार. पगार थांबलेला, मुलांच्या शाळेच्या फिया तुंबलेल्या, आणि शेजारी जिना चढताना मान खाली घालून जाणारे.

मधू लिमयांचंच उदाहरण घ्या. गोवा सत्याग्रहात त्यांना पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने १२ वर्षांची शिक्षा दिली होती. तो न्याय कसला होता, हे गोव्याच्या मंडळींना सांगायला नको. पण आरोप काय आणि शिक्षा किती, एवढं तरी कळलं होतं. तेच लिमये आणीबाणीत मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते, आणि तिथे तेवढंही नव्हतं. मधू दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. संसार चालला तो पत्रांतून. आपल्या इंदूरला जन्मलेल्या दुर्गाबाई भागवत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून या गळचेपीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांनाही अटक झाली. शहा आयोगाच्या अहवालात देशभरातल्या मिसाबंदींचा आकडा ३४,९८८ दिला आहे.

या सगळ्यातला सर्वांत मोठा खटलाही आपल्याच प्रांतातला. जबलपूरचे शिवकांत शुक्ल मिसाखाली आत होते. मध्य प्रदेश हायकोर्टाने सांगितलं की अटक कायद्याला धरून आहे की नाही, हे आम्ही तपासू शकतो. आणखीही हायकोर्टांनी, त्यात मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही होतं, असंच धैर्य दाखवलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २८ एप्रिल १९७६ ला पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी हायकोर्टांचं म्हणणं फिरवलं. त्या चारांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी विचारलं, पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर? ॲटर्नी जनरलांचं उत्तर होतं की आणीबाणी आहे तोवर कोर्टात दाद नाही. खन्ना एकटे विरोधात गेले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जुना निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिलं यशवंतरावांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी.

जनता सरकारने मिसा रद्द केला. ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरलं. ही फार मोठी कमाई आहे. पण दोन-अडीच वर्षं जातात न जातात तोच, १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. आपल्याकडच्या हिंदी पेपरांत ज्याला ‘रासुका’ म्हणतात, तोच. यात कारणं सांगावी लागतात, सल्लागार मंडळ आहे, म्हणजे १९७५ च्या मिसाइतका तो आंधळा नाही. तरी कलेक्टरच्या सहीने माणूस आत जातो, खटल्याशिवाय १२ महिन्यांपर्यंत राहू शकतो, आणि मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क त्याला नाही. त्यानंतर किती पक्षांची सरकारं आली-गेली, मिसाबंदी मंत्रीसुद्धा झाले. पण कायदा कोणी हटवला नाही.

देशाला धोके नाहीत असं कोण म्हणेल? पण सकाळी चहाबरोबर “अमुक पर रासुका” ही बातमी वाचून आपण “बरं झालं” म्हणतो, तेव्हा १९७५ मध्ये काकांना नेलं त्या वेळी शेजारचेही हेच म्हणाले होते, “काहीतरी केलं असेल म्हणूनच ना,” हे आठवावं. आत गेलेला माणूस दोषी असेलही, नसेलही. ते ठरवायला कोर्ट आहे, आणि काकांची तक्रार एवढीच होती की त्यांना कोर्टापुढे उभंच केलं नाही.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी मिसाबंदीचा वॉरंट, तुरुंगातून आलेली कार्डं, सुटकेचा कागद असेल, त्यांनी फोटो काढून ठेवा, जमल्यास इथे टाका. त्या वेळचे लोक आता थोडेच उरलेत. आणि वॉरंट हाती आलाच, तर त्यात अटकेचं कारण म्हणून काय लिहिलंय, काही लिहिलंय तरी का, ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.