सांदकफूच्या वाटेवरील लँड रोव्हर : दुर्गम मार्गासाठी वाहनाची निवड व फेरबदल यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतातील वाहतुकीचा इतिहास प्रामुख्याने रेल्वे, बंदरे आणि राजमार्ग यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. राजमार्ग जेथे संपतो आणि पायवाट जेथे सुरू होते, त्या दोहोंमधील कच्च्या रस्त्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. वास्तविक डोंगराळ प्रदेशातील जनजीवन, व्यापार आणि अलीकडच्या काळातील गिरिभ्रमण या कच्च्या रस्त्यावरच अवलंबून असते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास, सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावी भटक्यांना नेऊन सोडण्याचे काम एस. टी. ने केले. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर पहिली बस धावली आणि पुढील काही दशकांत मुक्कामी गाडी ही गिर्यारोहकांच्या दिनक्रमाचा भाग बनली. हिमालयात मात्र जेथे बस पोहोचू शकत नव्हती, अशा मार्गांवर वेगळ्या जातीच्या वाहनाची आवश्यकता होती.

प्रस्तुत शोधनिबंधात पश्चिम बंगालमधील दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांग ते सांदकफू या मार्गावर चालणाऱ्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांचा विचार केला आहे. हे वाहन या मार्गासाठी का निवडले गेले, त्यात कोणते फेरबदल झाले आणि त्या फेरबदलांचे ऐतिहासिक मूल्य कसे ठरवावे, हे तीन प्रश्न येथे चर्चेस घेतले आहेत. विवेचनासाठी उपलब्ध दुय्यम साधने, वाहनाची तांत्रिक रचना आणि मोटार वाहनविषयक कायदे यांचा आधार घेतला आहे.

मार्गाचे स्वरूप :

भारत व नेपाळ यांच्या सीमेवर सिंगालीला ही डोंगररांग पसरलेली आहे. नेपाळी भाषेत 'भंज्यांग' म्हणजे खिंड. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील मानेभंज्यांग हे या रांगेच्या पायथ्याचे गाव होय. तेथून ३६३६ मीटर उंचीवरील सांदकफू ३१ किलोमीटर अंतरावर आहे. चित्रे, मेघमा, तुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी आणि बिखेभंज्यांग हे वाटेतील टप्पे. सांदकफूहून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू व कांचनजंगा ही शिखरे दिसतात आणि पुढे फालूटकडे जाणारी वाट तेथूनच निघते. १९९२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या सिंगालीला वनक्षेत्रातून हा मार्ग जातो. महाराष्ट्रातील पदभ्रमण करणाऱ्या मंडळींनाही तो चांगलाच परिचित आहे.

मार्गाची सरासरी चढण पाहिली तर ती फारशी भयावह वाटत नाही. परंतु सरासरी येथे फसवी ठरते. चढण सलग नसून तुकड्यातुकड्यांत आहे. मानेभंज्यांगहून चित्र्यापर्यंतची वाट आरंभीच अंगावर येते. तुमलिंगनंतर रस्ता सुमारे तीनशे मीटर खाली गैरीबासला उतरतो आणि मिळविलेली उंची पुन्हा चढावी लागते. शेवटी बिखेभंज्यांगहून सांदकफूपर्यंत तीव्र वळणांची चढण आहे. त्यात दार्जिलिंगचा दीर्घ पावसाळा, धुके व हिवाळ्यातील बर्फ यांची भर पडते. दगड बसवून केलेल्या या रस्त्यावर ३१ किलोमीटरसाठी अनेक वर्षे तीन ते चार तास लागत. म्हणजे वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. अशा मार्गावर वाहनाचा वेग हा गुण निरुपयोगी असतो. कमी वेगात चाकांना सतत मिळणारी ओढ हाच खरा गुण ठरतो.

वाहनाची निवड – योग्यता आणि योगायोग :

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. चारही चाकांना शक्ती देण्याची सोय आणि संथ गतीसाठी ट्रान्सफर बॉक्समधील वेगळा गिअर या दोन वैशिष्ट्यांमुळे रस्ता नसलेल्या जागीही मोटार जाऊ शकते, हे या गाडीने जगाला दाखवून दिले. ब्रिटनमधील रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर अशीच एक युद्धकालीन जीप वापरत असत. तिला पर्याय म्हणून कंपनीने नवे वाहन विकसित केले. त्याचा पहिला प्रायोगिक नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभारलेला होता. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅम येथील प्रदर्शनात लँड रोव्हर प्रथम लोकांसमोर आली. महाराष्ट्रात पहिली एस. टी. धावण्यापूर्वी जेमतेम एक महिना ही घटना घडली.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई असल्याने गाडीचे बाह्यांग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करण्यात आले. हा निर्णय टंचाईतून घेतलेला होता. तथापि दार्जिलिंगसारख्या दमट प्रदेशात तो वरदान ठरला. पत्रा गंजला नाही म्हणून गाडीचे आयुष्य वाढले. अर्थात खालचा सांगाडा पोलादीच असल्याने त्याची निगा राखावीच लागे. आरंभीच्या गाडीच्या पुढील व मागील आसांमधील अंतर अवघे ८० इंच होते. त्यामुळे अरुंद वळणावर ती लवकर फिरे आणि उंचवट्यावर तिचे पोट टेकण्याची शक्यता कमी असे. तिचे टायरही अरुंद होते. वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरावर पकड घेण्यास असे टायर उपयुक्त ठरतात.

ही योग्यता खरी असली तरी मानेभंज्यांगच्या वाहनचालकांनी बाजारातील सर्व गाड्यांची तुलना करून लँड रोव्हरची निवड केली, असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. या गाड्या दार्जिलिंग परिसरात आल्या त्या ब्रिटिश चहामळेवाल्यांमुळे. मळेवाले निघून गेल्यावर त्या जुन्या बाजारातून स्थानिकांच्या हाती आल्या. म्हणजे गाडी परिसरात पोहोचली योगायोगाने आणि टिकली मात्र योग्यतेने. दुर्गम भागातील तंत्रज्ञानाच्या निवडीत हे दोन्ही घटक एकत्र असतात. प्रथम जे उपलब्ध असते ते घेतले जाते; मग वाट त्याची परीक्षा घेते.

फेरबदलांची कारणमीमांसा :

स्वातंत्र्योत्तर काळातील औद्योगिक धोरण लक्षात घेतल्याशिवाय या गाड्यांमधील फेरबदल समजत नाहीत. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, देशांतर्गत उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी केवळ सुटे भाग जोडून मोटारी विकण्याला आळा बसला आणि जनरल मोटर्ससारख्या परदेशी कंपन्यांनी भारतातील जुळणी थांबविली. आयातीवरील निर्बंध व परकीय चलनाची चणचण यांमुळे इंग्लंडमधील सॉलिहल येथे बनलेल्या गाडीचे सुटे भाग मिळविणे डोंगरातील एका गाडीमालकाच्या आवाक्याबाहेरचे होते. याउलट मुंबईतील महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे तिचे उत्पादन देशातच होऊ लागले आणि कालांतराने जीपला डिझेल इंजिनही मिळाले. या इंजिनाचे भाग देशभर मिळत व ते दुरुस्त करणारे कारागीरही सर्वत्र होते.

परिणामी मानेभंज्यांगच्या अनेक लँड रोव्हरांत मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी महिंद्रचे डिझेल इंजिन आले. यामागे उपलब्धतेबरोबरच भौतिक कारणेही होती. मूळ इंजिनाची शक्ती सुमारे पन्नास अश्वशक्ती. सांदकफूच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांशच असल्याने इंजिनाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि त्याची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. विरळ हवेचा फटका साध्या डिझेल इंजिनालाही बसतो. परंतु ते कमी फेऱ्यांतही चांगली ओढ देते, ठिणगीसाठी लागणारी विद्युत व्यवस्था त्यात नसल्याने ओलाव्याने बंद पडण्याचे एक कारण नाहीसे होते, आणि इंधनखर्चही कमी येतो.

इंजिन बदलणे म्हणजे एक पेटी काढून दुसरी बसविणे नव्हे. एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडावयाचे तर मध्ये नवी जोडपट्टी घडवावी लागते, सांगाड्यावर इंजिनाचे आधार नव्याने वेल्ड करावे लागतात, क्लच जुळवावा लागतो आणि रेडिएटर व धुरांड्याची नळी यांच्या जागा बदलाव्या लागतात. डिझेल इंजिन वजनदार असल्याने पुढील कमानपाट्यांवरचा भार वाढतो व त्यांचा पुन्हा विचार करावा लागतो. डिझेल इंजिनाच्या फेऱ्या कमी असल्याने गाडीचा सर्वोच्च वेग घटतो. सपाटीवरील ग्राहकाला हा दोष वाटेल. ताशी दहा किलोमीटरच्या वाटेवर तो दोष राहत नाही. फेरबदलाचे मोल मार्गाच्या संदर्भातच ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या संदर्भात दुसऱ्या प्रकारच्या फेरबदलांशी तुलना उद्बोधक ठरेल. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हरमधून लंडन ते सिंगापूर असा प्रवास केला. ही मोहीम भारतातून आणि पुढे लेडो मार्गाने ब्रह्मदेशात गेली. त्यांच्या गाड्यांना जादा इंधनटाक्या, दोर ओढणारे यंत्र व टपावरील सामानवाहक अशी साधने बसविलेली होती. ते फेरबदल एका मोहिमेसाठी आणि कंपनीच्या पाठबळाने झाले. त्या मोहिमेवर पुस्तक निघाले, चित्रपट तयार झाला. मानेभंज्यांगचे फेरबदल पोटासाठी झाले, पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापराच्या अंगाने लिहावयास हवा. देखभाल व दुरुस्ती यांना त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले आहे. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) मध्ये सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र व भातगिरणी यांच्या आधारे भारतीयांनी परकीय यंत्रे कशी आपलीशी केली, हे दाखविले आहे. मानेभंज्यांगची लँड रोव्हर ही याच परंपरेतील वस्तू होय. तिचा पत्रा सॉलिहलचा, इंजिन महाराष्ट्रातील कंपनीचे आणि या दोहोंना जोडणारी बुद्धी मात्र दार्जिलिंगच्या डोंगरातील कारागिराची.

वारसा, कायदा आणि आजची स्थिती :

२००८ मध्ये मुंबईस्थित टाटा मोटर्सने जग्वार व लँड रोव्हर या कंपन्या विकत घेतल्या. २०१८ मध्ये लँड रोव्हरच्या सत्तराव्या वर्षानिमित्त कंपनीने मानेभंज्यांगच्या ताफ्याचा गौरव केला. त्या वेळी तेथील जुन्या गाड्यांची संख्या ४२ सांगितली गेली. या गौरवामुळे गावाचे नाव जगभर झाले. परंतु गौरवाचा रोख प्रामुख्याने मूळ गाडीच्या टिकाऊपणावर होता. तो टिकाऊपणा कोणी निर्माण केला, हा प्रश्न मागेच राहिला.

कायद्याच्या दृष्टीने तर परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यास मनाई आहे. इंधनाचा प्रकार बदलण्यासारख्या काही बाबींना तेवढी सशर्त सवलत आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या मनाईवर शिक्कामोर्तब केले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते; मात्र ते मूळ स्वरूपात असले पाहिजे, त्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत आणि ते नित्याच्या वा व्यावसायिक वापरात नसावे. सुरक्षिततेच्या दृष्टीने या तरतुदींमागील हेतू योग्यच आहे. परंतु त्यातून निघणारा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. मळेवाल्याच्या गॅरेजमध्ये न वापरता उभी राहिलेली गाडी वारसा ठरते. तीच गाडी फेरबदल होऊन साठ वर्षे डोंगर चढत राहिली तर ती त्या व्याख्येत बसत नाही.

दरम्यान वाटच बदलत आहे. अलीकडच्या वर्षांत सांदकफू मार्गाच्या मोठ्या भागावर काँक्रीट घालण्यात आले आणि बोलेरोसारख्या नव्या गाड्या तेथे धावू लागल्या. रुग्णाला खाली आणणे, गॅस सिलिंडर व धान्य वर नेणे या गोष्टी सुकर झाल्या, हे स्थानिकांच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. केवळ पर्यटकांच्या हौसेखातर रस्ता खडतर राहावा, असे कोणी म्हणू नये. तथापि ज्या वाटेने लँड रोव्हरला अपरिहार्य केले, ती वाट सुधारताच तिची अपरिहार्यताही संपते. गाडी उभी राहिली की तिच्यावर हात चालविणाऱ्या कारागिराचे कामही थांबते, आणि ते कौशल्य कोठेही लिहून ठेवलेले नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दुर्गम मार्गासाठी वाहनाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसते, उपलब्धता, आयात धोरण आणि दुरुस्तीची सोय यांचा त्यात निर्णायक वाटा असतो.

२) फेरबदल म्हणजे मूळ रचनेची हानी नव्हे. मानेभंज्यांगच्या गाड्या फेरबदल होऊनही टिकल्या असे नसून फेरबदल झाले म्हणूनच टिकल्या.

३) मूळ स्वरूप हाच वारशाचा एकमेव निकष मानल्यास श्रमिकांच्या व कारागिरांच्या ज्ञानाचा इतिहास वारशाच्या कक्षेबाहेर राहतो. वापरातून घडलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र निकषाचा विचार, सुरक्षिततेशी तडजोड न करता, होणे आवश्यक आहे.

४) या ताफ्यातील प्रत्येक गाडीचा मूळ भाग कोणता, बदललेला कोणता व तो कोणी, कशासाठी बदलला, याची नोंद कारागिरांच्या मौखिक साक्षींसह तातडीने व्हावयास हवी. गाड्या संग्रहालयात ठेवता येतील. हातातील कसब मात्र ते हात आहेत तोवरच नोंदविता येईल.