'सी' आणि 'टर्बो सी' : भाषा कोणती, साधन कोणते?

'सी भाषेत इंट प्रकारच्या चलाला किती बाइट लागतात?' या प्रश्नाला एक विद्यार्थी 2 लिहितो, दुसरा 4. पहिल्याने टर्बो सीचा निळा पडदा वापरलेला असतो, दुसऱ्याने नवा संगणक. गुण कोणाचे कापायचे? हे ठरवण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी 'बी' ही भाषा तयार केली होती. तिच्यातून डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास 'सी' घडवली. 1989 साली अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने तिचे नियम निश्चित केले. भाषा म्हणजे हे नियम. संगणकाला ते थेट समजत नाहीत. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलून देणारे साधन म्हणजे कंपायलर. बोरलँड कंपनीने 1987 मध्ये आणलेला टर्बो सी हा असाच एक कंपायलर. तो आपल्या महाविद्यालयांत इतका रुळला, की तोच 'सी' वाटू लागला.

मोडी कागद वाचता आला नाही, तर त्यातली मराठी परकी होत नाही. फक्त लिपी वेगळी असते. तसेच येथे आहे. पडदा पुसणारी 'सीएलआरएससीआर' ही सोय बोरलँडची, सी भाषेच्या नियमांतली नव्हे. दुसऱ्या कंपायलरवर ती चालली नाही, म्हणजे 'सी बदलली' असे नाही.

'डेव्हलपर' या शब्दानेही असाच घोटाळा होतो. रिची भाषेचे कर्ते. बोरलँडचे तंत्रज्ञ कंपायलरचे कर्ते. 'लेट अस सी' लिहून ही भाषा असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत नेणारे नागपूरचे यशवंत कानेटकर पुस्तकाचे कर्ते. आणि ताडकळसच्या शाळेत सरासरी काढण्याचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी त्या प्रोग्रॅमची कर्ती. 'सी++' ही तर वेगळीच भाषा. बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी 1979 मध्ये सी पायाला धरून तिचे काम सुरू केले; 'सी++' हे नाव 1983 मध्ये पडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंटमध्ये निदान -32767 ते 32767 एवढ्या संख्या मावल्या पाहिजेत, एवढेच भाषा सांगते. टर्बो सी त्यासाठी 2 बाइट घेतो, आजचे बहुतेक कंपायलर 4 घेतात. म्हणजे दोन्ही विद्यार्थी बरोबर आहेत, अपुरा आहे तो प्रश्न. प्रश्नपत्रिका काढताना आपण कंपायलरचे नाव लिहिले, तर जाणत्या मुलाचे गुण जाणार नाहीत.