बंदिवासाची वास्तू

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे बालवयात आपल्याच राजवाड्यात बंदिवान होते, ही गोष्ट सरस्वती महाल ग्रंथालयाच्या गौरवगाथेत बहुधा झाकली जाते. तुळजाजींनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. परंतु गादी अमरसिंगाकडे गेली आणि या मुलास कोंडून ठेवण्यात आले, त्याचे शिक्षणही रोखले गेले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या खटपटीने १७९३ मध्ये त्यांची रवानगी मद्रासला झाली. १७९८ मध्ये गादीवर आल्यानंतर त्याच राजवाड्यातील ग्रंथसंग्रह त्यांनी अपूर्व रीतीने वाढविला. अक्षर नाकारलेल्या मुलाने त्या वास्तूला दिलेले हे उत्तर होते.

बंदिवासाच्या जागेचे पुढे काय व्हावे, या प्रश्नाचे आपल्या काळाला रुचलेले उत्तर मात्र निराळे आहे. इस्तंबूलच्या ज्या सुलतानअहमत तुरुंगात कवी नाझिम हिकमत यांनी काही काळ काढला, तेथे १९९६ मध्ये आलिशान हॉटेल उघडले. बोस्टनमधील १८५१ चा चार्ल्स स्ट्रीट तुरुंग २००७ पासून हॉटेल आहे, आणि त्याचे नाव ‘लिबर्टी’! हॉटेलांचे मला वावडे नाही. त्यांच्या पैशाने पडत्या भिंती सावरतात, हे मान्यच केले पाहिजे. पण हॉटेलाला भिंत हवी असते. भिंतीआडचा माणूस त्याला सोयीचा नसतो.

मराठी वाचकाला या व्यवहाराचा प्रत्यय आग्वाद येथे येतो. पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुरा केलेला हा किल्ला. जहाजांना येथे गोडे पाणी मिळे, म्हणून हे नाव. मांडवीच्या मुखाशी, त्याच्या पायथ्याला तुरुंग होता. १९४६ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा आणि राममनोहर लोहिया तेथे बंदिस्त होते. पुढे मोहन रानडे. त्या पिढीच्या मराठी माणसाने ‘आग्वाद’ म्हटले की कोठडीच डोळ्यांपुढे येई. १९७४ मध्ये सिकेरीच्या बाजूला, किल्ल्याच्या तटबंदीलगत, पंचतारांकित हॉटेल उभे राहिले आणि त्याने किल्ल्याचेच नाव घेतले. तुरुंगाच्या खोल्या भाड्याने गेल्या नाहीत, हे खरे. गेला तो शब्द. आज ‘आग्वाद’ म्हणजे समुद्रस्नान. विशेष असे की, तुरुंग २०१५ पर्यंत चालूच होता. एकेचाळीस वर्षे एकाच किल्ल्याच्या दोन अंगांना पाहुणे आणि कैदी एकच समुद्र पाहत होते.

कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडले होते. सालाझारच्या राजवटीचा हा कुख्यात राजकीय तुरुंग. २०१६ मध्ये पोर्तुगीज सरकारने तो पर्यटन-व्यवसायासाठी खासगी हाती देण्याच्या यादीत घातला, तेव्हा जुने राजबंदी आणि त्यांच्यासोबतचे नागरिक खवळून उठले. सरकारला माघार घ्यावी लागली. २०२४ च्या २७ एप्रिलला, पेनिशमधील कैदी सुटल्याला पन्नास वर्षे होत असताना, तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. आपल्याकडे मराठी नियतकालिकांतून त्याची विशेष दखल घेतली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही, याची खंत वाटते. तेथील भिंतींनी आपली माणसेही पाहिली आहेत.

आग्वादचा तुरुंगही १९ डिसेंबर २०२१ रोजी संग्रहालय म्हणून खुला झाला. रानडे यांना तेथून लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात नेण्यात आले होते. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्यासाठी पोपकडे शब्द टाकणाऱ्यांत तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई होते. रानडे यांना त्यांचे आभार मानावयाचे होते. परंतु ३ फेब्रुवारीला अण्णादुराई निवर्तले.