अपंगांचे विज्ञानशिक्षण

दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलन यांत उणीव असलेल्या विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने विज्ञान शिकता यावे, म्हणून अध्यापन, साधने, प्रयोगशाळा व परीक्षा यांत केलेल्या बदलांचा विचार या विषयात होतो. त्याच्या इतिहासात दोन धोरणे आढळतात : अवघड भाग वगळण्याची सूट देणे आणि तोच भाग विद्यार्थ्याला शक्य त्या मार्गाने शिकविण्याची सोय करणे. भारतात पहिल्या धोरणाचा प्रभाव दीर्घकाळ राहिला.

मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ मध्ये निघाली. अंधांसाठी ॲना मिलार्ड यांनी अमेरिकन मिशनतर्फे १९०० मध्ये शाळा सुरू केली. अशा विशेष शाळांचा भर साक्षरता, संगीत, विणकाम, वेतकाम यांवर म्हणजे चरितार्थावर असे. प्रयोगशाळेला त्यांत क्वचितच स्थान मिळाले. मानखुर्द येथे चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मनोदुर्बल मुलांसाठी काढलेले निवासगृह हेही स्वतंत्र व्यवस्थेच्याच परंपरेतील होय. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी स्वीकारण्यात आली. तथापि गणितातील व रसायनशास्त्रातील चिन्हांना निराळी लेखनपद्धती लागते. अमेरिकेतील अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांची अशी पद्धती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे करावे, तसेच अपंग मुलांना शक्यतो सर्वसामान्य शाळांत शिकवावे, असे सुचविले. त्या दृष्टीने केंद्र शासनाने १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आखली. त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापिले. १९९२ मध्ये ते मानखुर्द येथील वास्तूत आले. विज्ञान शिकताना येणाऱ्या अपयशाचे मूळ पुष्कळदा विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसून पाठ्यपुस्तकाच्या भाषेत व अध्यापनाच्या रीतीत असते, हे केंद्राच्या आरंभीच्या कार्यातून पुढे आले. अपंगांच्या बाबतीतही हाच निष्कर्ष लागू पडतो. पुढे केंद्रातील संशोधकांनी अपंग विद्यार्थ्यांच्या विज्ञानविषयक आकांक्षांचा अभ्यास केला.

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शिक्षणाचा हक्क मान्य केला. परंतु त्याच्या ३० व्या कलमात अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतून निव्वळ गणिती प्रश्न वगळण्याची तरतूद होती. हेतू सहानुभूतीचा असला, तरी गणित सुटले की भौतिकी व रसायनशास्त्र यांची वाटही बंद होते. २०१६ च्या अधिनियमात ही तरतूद राहिली नाही. त्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरविणे, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देणे या गोष्टींवर भर दिला.

सोय करण्याचे मार्ग अनेकदा साधे असतात. अंधांसाठी उठावाच्या आकृत्या, बोलणारे तापमापक, ठरावीक मापावर खाच असलेल्या पिचकाऱ्या आणि प्रकाशाच्या तीव्रतेनुसार ध्वनी बदलणारे शोधक वापरतात. शेवटच्या साधनाने द्रावणाचा रंगबदल कानाने ओळखता येतो. आम्ल व अल्कली ओळखण्यास गंधदर्शकही उपयोगी पडतात. कांदा व व्हॅनिला यांचा वास अल्कलीत नाहीसा होतो. हा प्रयोग राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकात सर्वांसाठीच दिलेला आहे. बधिर विद्यार्थ्याला प्रयोग व शिक्षकाचे ओठ किंवा खुणा एकाच वेळी पाहता येत नाहीत; म्हणून आधी स्पष्टीकरण, मग प्रयोग हा क्रम ठेवावा लागतो. वैज्ञानिक संज्ञांसाठी खुणा निश्चित करणेही आवश्यक असते. २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी आरंभ झालेला भारतीय सांकेतिक भाषेचा कोश २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला. चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी कमी उंचीचे, खाली गुडघ्यांना जागा असलेले मेज व हाताच्या टप्प्यातील नळ पुरतात.

अशा वर्गात अपंग विद्यार्थ्याकडे केवळ नोंदी घेण्याचे वा बघ्याचे काम न सोपविता प्रयोगातील एखादी कृती त्याच्याकडे असणे महत्त्वाचे ठरते. निरीक्षण केवळ डोळ्यांनीच होते, ही समजूत टाकून दिल्याखेरीज विज्ञानाचा वर्ग खऱ्या अर्थाने सर्वांचा होत नाही.