भगवानदादा पालव : वऱ्हाडात जन्मलेला 'अलबेला'

१९१३ साली वाशीम हा अकोला जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र वाशीम जिल्हा १९०५ मध्येच मोडण्यात आला होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला, त्याच वऱ्हाडातील अमरावतीत भगवान आबाजी पालव यांचा जन्म झाला.

वडील कापड गिरणीत कामगार. मुलगाही मुंबईत मजुरी करीत करीत मूकपटांत शिरला. १९३८ साली 'बहादुर किसान'च्या सहदिग्दर्शनातून तो कॅमेऱ्यामागे आला आणि पुढील दशकभर त्याने कमी खर्चाचे मारधाडपट काढले. समीक्षकांनी त्यांची दखल क्वचितच घेतली. प्रेक्षक मात्र ठरलेला होता : दिवसभर राबून स्वस्त तिकिटाच्या रांगेत उभा राहणारा कामगार.

याच काळातील एक प्रसंग विसरता येत नाही. १९४२ च्या 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड ललिता पवार यांना इतकी जोरात बसली की त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेची कारकीर्द तिथेच संपली. पुढे तोच अधू डोळा खाष्ट सासूची ओळख ठरला आणि १९८७ मध्ये दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा बनून घराघरांत पोहोचला. नियतीचा हा न्याय म्हणावा की क्रूर विनोद, हे ठरविणे कठीण आहे.

१९४७ मध्ये भगवानदादांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला राज कपूर यांचा. त्यातून १९५१ साली 'अलबेला' आला : नायिका गीता बाली, संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र. नायक ठेंगणा, स्थूल, रूपाने अगदी सामान्य. पण गणपतीच्या मिरवणुकीत पाहावे तसे त्याचे सैल, ठेक्यात डुलणारे नृत्य देशाने डोक्यावर घेतले. अमिताभ बच्चन यांच्या नाचातही पुढे तीच लकब दिसली.

१९५३ चा 'झमेला' त्या यशाची बरोबरी करू शकला नाही. १९६६ चा 'लाबेला' तर कोसळलाच. स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळेल त्या चित्रपटात चार पावले नाचून पोट भरू लागले. बहुधा दिग्दर्शक त्यांच्याकडून 'अलबेला'चीच ती पावले मागत.

'अलबेला'पूर्वीच्या त्यांच्या चित्रपटांच्या प्रती पुढे गोदामाच्या आगीत जळाल्या. कामगारांचा तो सिनेमा आज जवळजवळ पाहताच येत नाही. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या त्याच घरी भगवानदादांचे निधन झाले.